ऑगस्टच्या इतिवृत्तातलं गाळलेलं वाक्य

पिंपळे गुरव,
१२ नोव्हेंबर २०२४

आदरणीय बाई,
सप्रेम जय भीम.

दिवाळीत फोनवर तुम्ही विचारलंत, "कसं चाललंय?" आणि मी "सगळं ठीक" म्हणाले. ते अगदी खोटं नव्हतं, पण पूर्णही नव्हतं. उरलेलं कागदावर लिहिते आहे. माझा फोन कंपनीचा, लॅपटॉप कंपनीचा, आणि हे त्या दोन्हींत राहू नये असं वाटतं. शिवाय फोनवर काहीतरी बोलून वेळ मारून नेता येते. तुम्हाला लिहिताना तसं जमत नाही.

आपल्या सहायकांच्या मंडळातली दिव्या तुम्हाला आठवत असेल. तुम्ही उदगीरला राहायला गेलात त्याच वर्षी आली होती. सांगवीची, सत्तावीस वर्षांची, हसताना तोंडावर हात धरणारी. चाकणच्या एका कंपनीत खरेदी विभागाच्या प्रमुखांची सहायक आहे. तिला निलंबित केलंय. साहेबांची खोटी सही केल्याचा आरोप आहे. आरोप सिद्ध झाला तर नोकरी जाईल, आणि असा शेरा घेऊन या पट्ट्यात तिला दुसरीकडे कोण उभं करणार?

झालं असं. ऑगस्टमध्ये तिच्या साहेबांचा, सुजित सरांचा, प्रवासातून फोन आला: पुरवठादाराला पत्र पाठव, त्याचा अडलेला माल आपण स्वीकारतोय म्हणून, आणि माझी सही टाक. सहीचं स्कॅन केलेलं चित्र तिच्याकडे असतंच, जसं आपल्या बहुतेकींकडे असतं. तिनं टाकली. पुढे तो माल सदोष निघाला, उत्पादनाची लाइन दोन दिवस बंद राहिली. वरून विचारणा झाल्यावर सर म्हणाले, "मी असं पत्र दिलंच नाही." फोनवर काय बोलणं झालं याचा पुरावा नाही.

आता गुंता इथे आहे. तो फोन आला तेव्हा दिव्या आपल्या सभेत होती. आठ ऑगस्ट, महिन्याचा दुसरा गुरुवार, कारखान्यांची सुट्टी. ती बाहेर जाऊन बोलून आली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "सर म्हणतात आत्ताच पाठव. लेखी काही नाही. सही टाकू का?" त्यावर कोणीतरी म्हणालं, "टाक गं, आपण सगळ्याच टाकतो." मग तिनं तिथेच लॅपटॉप उघडून पत्र पाठवलं.

चौकशीत दाखवायला दिव्याला त्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत हवी आहे. साहेबांचा फोन आला होता, तिनं परस्पर काही केलं नाही, चार जाणत्या बायकांना विचारून केलं, हे त्यातून दिसेल असं तिला वाटतं. पण मी लिहिलेल्या इतिवृत्तात एवढंच आहे: "विषय ५. आयत्या वेळचे विषय. सदस्यांच्या शंकांवर चर्चा झाली." सप्टेंबरच्या सभेत ते वाचून कायमही झालं.

तिला काय देऊ? तुम्ही अठरा वर्षांपूर्वी सात जणींना घेऊन मंडळ काढलंत, आज आपण एकतीस आहोत. वहीच्या पहिल्या पानावर तुमच्या अक्षरात लिहिलंय की ही युनियन नाही, एकमेकींना काम शिकवण्याची जागा आहे. मग अशा वेळी या जागेनं काय करायचं असतं?

डोळ्यांचं ऑपरेशन कसं झालं ते कळवा. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

आपली,
निशिगंधा

*

उदगीर,
२० नोव्हेंबर २०२४

निशिगंधा,

जय भीम आणि आशीर्वाद. डोळा उत्तम आहे. आता भिंतीवरचे पोपडे दिसतात, जे पूर्वी दिसत नव्हते, त्यामुळे ऑपरेशनचा फायदा नक्की कोणाला झाला हे सांगता येत नाही. गल्लीच्या गणपती मंडळानं त्यांची सभेची वही माझ्या गळ्यात घातली आहे. अर्ध्या वहीत भांडण आणि अर्ध्या वहीत प्रसाद.

दिव्याचं वाचून वाईट वाटलं. मुलीनं विचारलं, हेच तिचं मोठेपण. आमच्या वेळी रबरी शिक्के असत. साहेब दौऱ्यावर गेले की शिक्का आमच्या खणात आणि खणाची किल्ली आमच्या कमरेला. काळ बदलला, किल्ली तीच आहे.

पण कायम झालेल्या इतिवृत्ताला हात लावायचा नाही. तू माझ्या शॉर्टहँडच्या वर्गात बसायचीस तेव्हापासून सांगत आले आहे. प्रत आहे तशी दे. खाली "खरी प्रत" लिहून सही कर. त्यातून तिचं काम होणार नाही हे मलाही कळतं, पण वही एकदा वाकवली की ती कुणासाठीही वाकते.

राहता राहिलं ते "कोणीतरी". माझ्यापासून काय लपवतेस? अशी बिनधास्त वाक्यं टाकणारी आपल्यात एकच आहे, रुपाली. अध्यक्ष झाली तरी तोंडाला फाटक नाही. तू तिला पाठीशी घालते आहेस हे तुझ्या चांगुलपणाला धरून आहे, पण दिव्याच्या पोटावर पाय येत असताना ते बरोबर नाही. मी रुपालीला वेगळं पत्र टाकलं आहे. लिहिलंय, बाई गं, तू बोललीस तर तूच पुढे हो आणि चौकशीत सांग.

धम्मपालरावांना आणि नेहाला आशीर्वाद. नेहाची बारावी आहे ना यंदा?

तुझी,
सुभद्राबाई

*

पिंपळे गुरव,
३ डिसेंबर २०२४

आदरणीय बाई,

तुमचं पत्र येऊन आठ दिवस झाले. चार वेळा उत्तर लिहायला घेतलं. आता ओळीनं सांगते, मध्ये थांबले तर पुन्हा फाडेन.

गेल्या गुरुवारी दिव्याचे वडील घरी आले. उद्धवराव. मूळचे परभणीकडचे, भोसरीत तीस वर्षं फिटर होते. चहा घेतला नाही, पाणीही अर्धंच प्यायले. टोपी मांडीवर ठेवून म्हणाले, "ताई, लेकीनं खोटी सही केली म्हणायलेत. तुमी तिला वळखता. तुमीच सांगा, केली का?"

मी म्हटलं, "नाही केली. साहेबांनी सांगितली म्हणून टाकली."

"मंग तसं लिवून द्या की."

"मी तिथे... म्हणजे, मंडळाला बघावं लागेल."

"बघा," म्हणाले. "पोरगी जेवना गेली. शेजारचे इचारायलेत, सुट्टीवर हाय का. मी व्हय म्हनतो. तीस वर्सं कार्ड पंच केलं ताई, एक दिवस खोटा न्हाई. आता म्हातारपनी खोटं बोलायलो."

ते गेले. धम्मपाल दाराशीच उभा होता. म्हणाला, "तू 'मंडळाला बघावं लागेल' असं म्हणालीस तेव्हा अगदी तुझ्या साहेबांसारखी दिसलीस." तो चेष्टेनंच बोलला, पण मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रुपालीचा फोन आला. रडत होती. तुम्ही रुपालीला रडताना ऐकलंय का कधी? मी वीस वर्षांत नाही. "बाईंनी मला असं का लिहिलं गं? मी बोललेच नाही त्या दिवशी. मी तर चहाचे कप गोळा करत होते. आठवून आठवून डोकं फुटायची वेळ आली. मी बोलले होते का? तू लिहीत होतीस, तुला माहीत असेल." आणि मी, बाई, अर्धा मिनिट गप्प राहिले. त्या अर्ध्या मिनिटात ती म्हणाली, "बोलले असेन तर जाते चौकशीला. मला काय." जे ती बोललीच नाही, त्यासाठी जायला निघाली होती.

ते "कोणीतरी" मी होते.

तुम्हाला लिहिताना खोटं जमत नाही असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. जमतं. फक्त एक शब्द लागतो.

मी इतिवृत्त लिहीत होते. दिव्यानं विचारलं आणि मी मान वर न करता म्हटलं, "टाक गं, आपण सगळ्याच टाकतो." मग तिचा प्रश्न लिहायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की प्रश्न लिहिला तर उत्तर लिहावं लागेल, आणि उत्तर लिहिलं तर माझं नाव. माझं नाव मी आजवर कधीच लिहिलेलं नाही. उपस्थितांच्या यादीत शेवटी, बस. बावीस वर्षं कंपनीच्या सभा लिहितेय, तिथेही कोणी माझं मत विचारलं आणि मी दिलं तर ते मी गाळते. हात आपोआप पुढच्या विषयावर जातो. तुमचंच वाक्य ना, "लिहिणाऱ्या हाताला तोंड नसतं." पण यात तुम्हाला ओढायला नको. त्या दिवशी भीती नव्हती, नुसती सवय होती. भीती नंतर आली, नोव्हेंबरमध्ये, आणि सवयीच्या मागे लपून बसली.

अजून एक. गेले महिनाभर मला पक्कं आठवतंय की मी पुढे म्हणाले होते, "आणि उद्या त्यांच्याकडून मेलवर होकार घे." हे वाक्य असतं तर माझी बाजू किती बरी झाली असती! म्हणून काल माझी डायरी काढली. तुम्हाला माहीत आहे, मी रोज लिहिते. आठ ऑगस्टच्या पानावर आहे: "दिव्याला तिच्या साहेबांचा फोन. सही टाकू का म्हणाली. मी टाक म्हटलं. मान वर न करता उत्तर देता येतं आता, एवढी वर्षं झाली." पुढे नेहाच्या क्लासचं काहीतरी. मेलचा उल्लेख नाही. उलट थोडी ऐटच आहे.

ते दुसरं वाक्य मी बोलले होते की या महिन्यात बोलले, कळत नाही.

रुपालीला त्याच फोनवर सांगितलं. तिनं नाक पुसल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आधी बाईंना कळव. मला झोप लागायला हवी." ती माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं.

चौकशीची तारीख बावीस जानेवारी आहे.

निशिगंधा

*

उदगीर,
११ डिसेंबर २०२४

निशिगंधा,

रुपालीला माफीचं पत्र आधी लिहिलं, मग तुझं हातात घेतलं. मी आयुष्यभर इतरांना सांगितलं की ऐकल्याशिवाय लिहू नका, आणि म्हातारपणी न ऐकताच लिहून टाकलं. तिला फोनही केला. म्हणाली, "बाई, तुम्ही रागावलात म्हणजे अजून आहात, याचंच बरं वाटलं." तिच्या तोंडाला खरंच फाटक नाही, आणि देव करो कधी लागू नये.

आता तुझं. तू लिहिलंस की मला यात ओढायला नको. मी आपण होऊन येते.

एक्याऐंशी साली, देहूरोडची सरकारी नोकरी लागण्याआधी, मी पुण्यात एका खासगी कचेरीत होते. तिथे चतुरा नावाची टायपिस्ट होती. माझ्याच टेबलाला टेबल. तिला काढायचं की ठेवायचं यावर सभा बसली आणि मी इतिवृत्ताला. मध्येच साहेबांनी मला विचारलं, "ती उशिरा येते का हो?" मी म्हटलं, "कधी कधी." खरंच होतं ते. तिची आई आजारी होती हेही खरं होतं, पण ते मला विचारलं नव्हतं. इतिवृत्तात मी लिहिलं, "माहिती घेऊन निर्णय घेण्यात आला." चतुरा गेली. कोणाकडून माहिती घेतली, हे तिला कधी कळलं नाही. तिनं जाताना मला तिची टेबलावरची पेन्सिल दिली. म्हणाली, तुला साहेब सारखे लिहायला बोलावतात, तुला लागेल.

ते वाक्य मी त्यानंतर बनवलं. "लिहिणाऱ्या हाताला तोंड नसतं." तुम्हा सगळ्यांना मी ते कामाचा नियम म्हणून शिकवलं, वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. नियम चांगलाच आहे, साहेबांच्या भांडणात आपण पडू नये म्हणून. पण मला तो सुचला दुसऱ्याच कारणासाठी. हे मी तुझ्याआधी कोणाला सांगितलेलं नाही.

कामाचं बोलू. कायम झालेलं पान खोडता येत नाही, हे मी अजूनही म्हणते. पण सभेला दुरुस्तीचा ठराव करता येतो. खास सभा बोलाव. काय गळलं, कोणी गाळलं, ते लिही आणि उपस्थितांच्या सह्या घे. जुनं पान तसंच राहील, नवं त्याच्यापुढे उभं राहील. ते घेऊन चौकशीला जा.

मेलचं वाक्य लिहायचं की नाही, ते मी सांगणार नाही. मी तिथे नव्हते.

आणि एक विचार करून ठेव. "आपण सगळ्याच टाकतो" असं तू लिहून दिलंस की पहिला प्रश्न तुलाच येईल. तुझ्या साहेबांना तो बाहेरून कळू देऊ नकोस.

सुभद्राबाई

*

पिंपळे गुरव,
२० डिसेंबर २०२४

आदरणीय बाई,

काल खास सभा झाली. एकोणीस जणी आल्या, एरवी बाराच्या वर कधी नसतात. दिव्याला मुद्दाम बोलावलं नव्हतं, तिच्यासमोर कोणाला संकोच नको म्हणून.

मी दुरुस्तीचा मसुदा वाचला. तीन ओळी. "दि. ८ ऑगस्टच्या सभेत श्रीमती दिव्या यांनी साहेबांचा फोन आल्याचे सांगून, त्यांच्या तोंडी सूचनेवरून सही टाकावी का असे विचारले. इतिवृत्तलेखिका निशिगंधा यांनी 'टाक गं, आपण सगळ्याच टाकतो' असे उत्तर दिले. हे संभाषण इतिवृत्तात लिहिणे इतिवृत्तलेखिकेकडून राहून गेले."

मेलचं वाक्य घातलं नाही. रात्री घातलं होतं, सकाळी काढलं.

पहिल्यांदा मिनल बोलली. ती आमच्या शेजारच्या कंपनीत आहे, आमची बस एकच. "ताई, तुझं तू लिही, पण 'सगळ्याच' काढ ना. सगळ्याच म्हणजे मी पण आले त्यात. माझ्या साहेबांनी वाचलं तर मी मेले."

मी म्हटलं, "पण मी तेच बोलले गं."

"मग बोलताना विचारलं होतंस का मला?"

तिचं बरोबरच होतं. मी तिच्या वतीनं बोलले होते, तेही मान वर न करता.

मग रुपाली म्हणाली, "ऐका गं. हात वर करू नका, तोंडानं बोलू नका. फक्त मनात सांगा, कोणाकडे साहेबांची सही नाही?" खालच्या भाजीवाल्याचं ओरडणं तेवढं ऐकू आलं. आणि कोणीतरी खुदकन हसलं. मग सगळ्याच हसल्या. मिनलसुद्धा. हसता हसता म्हणाली, "माझ्याकडे तर दोन साहेबांच्या आहेत!"

शेवटी "सगळ्याच" राहिलं, कारण ते बोललं गेलं होतं. त्याखाली मिनलनं एक ओळ घालायला लावली: "हे उत्तर अन्य सदस्यांना विचारून दिलेले नव्हते." मला ती पटली. सतरा जणींनी सह्या केल्या. दोघींनी केल्या नाहीत, त्यांची अडचण मला माहीत आहे, मी त्यांना काही विचारलं नाही. मिनलनं सही केली. पेन खाली ठेवताना म्हणाली, "उद्या बसमध्ये माझ्याशेजारी बसू नकोस." आज सकाळी नाशिक फाट्याला बस आली तेव्हा तिनं माझ्यासाठी जागा धरलेली होती.

आज दुपारी साहेबांना सांगितलं. माझे साहेब तुम्ही पाहिले आहेत, नेहाच्या बारशाला आले होते. बावीस वर्षांत मी त्यांच्यासमोर बसून काही सांगितलं असेल तर ते त्यांचंच वेळापत्रक. आज म्हटलं, "सर, मला एका चौकशीत साक्ष द्यायची आहे. तिथे मला विचारतील की मी तुमची सही टाकते का. मी हो म्हणणार आहे."

त्यांनी चष्मा काढला. "हे करायलाच हवं का?"

"मीच त्या मुलीला टाक म्हणाले होते."

"तुझं ठीक आहे. त्यात माझं नाव कशाला?"

"सही तुमची आहे, सर."

त्यांनी खिडकीबाहेरच्या ट्रकांकडे पाहिलं. मग म्हणाले, "ती सहीची फाइल आत्ता काढून टाक. यापुढे सगळे कागद माझ्यासमोर आण." मी त्यांच्यासमोर लॅपटॉप ठेवून ती काढली. ते रागावले की घाबरले, मला सांगता येत नाही. मी त्यांचा चेहरा वाचायला शिकलेय असं मला वाटायचं.

निशिगंधा

*

उदगीर,
२९ जानेवारी २०२५

निशिगंधा,

बावीस तारीख होऊन गेली. पोस्टमन रोज माझ्याकडे बघून मान हलवतो. रुपालीला फोन केला तर म्हणते, "ती स्वतः लिहील, मला शपथ घातलीय." चांगलं की वाईट, दोन ओळी टाक. मी आता पोपडे मोजून दमले.

सुभद्राबाई

*

पिंपळे गुरव,
१८ फेब्रुवारी २०२५

आदरणीय बाई,

निकाल आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. अर्धवट लिहून मी एकदा घोळ घातलाय. उशिराबद्दल क्षमा करा.

चौकशी त्यांच्या कंपनीच्या प्रशिक्षणाच्या खोलीत झाली. भिंतीवर सुरक्षा सप्ताहाची चित्रं, मध्ये लांब टेबल. चौकशी अधिकारी बाहेरचे, वयस्कर वकील. एका बाजूला सुजित सर, एका बाजूला दिव्या. तिनं पांढरा ड्रेस घातला होता आणि हात टेबलाखाली ठेवले होते. मी दोन्ही पानं दिली, ऑगस्टचं आणि डिसेंबरचं.

वकील साहेबांनी दोन्ही वाचली. "मॅडम, पहिल्या पानात हे का नाही?"

"मी लिहिलं नाही म्हणून."

"विसरलात?"

विसरले म्हणणं किती सोपं होतं. म्हटलं, "नाही. मी स्वतःचं बोलणं लिहीत नाही. सवय आहे."

"आणि आता या मुलीला वाचवायला लिहिलंत."

"ती अडचणीत नसती तर मी लिहिलं नसतं, हे खरं आहे. पण लिहिलंय ते घडलेलं आहे. खाली सतरा सह्या आहेत, त्यात त्या दिवशी हजर असलेल्याही आहेत."

"तुम्ही तुमच्या साहेबांची सही टाकता?"

"टाकत होते. वीस डिसेंबरपर्यंत. त्यांना सांगून थांबवलं."

त्यांनी सुजित सरांकडे पाहिलं. "तुम्ही या मुलीकडे तुमच्या सहीची फाइल दिली होती का?" सर म्हणाले, "सोयीसाठी." "कुठल्या सोयीसाठी?" सर समोरचे कागद सारखे करायला लागले. त्यांचं वय असेल अडतीस. मानेवर घाम दिसत होता. बाहेर पडताना पाण्याच्या यंत्रापाशी भेटले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "लाइन बंद पडली तेव्हा मलाही वरून फोन आला होता, मॅडम. त्यांनीही मला विचारलं, कोणी दिलं पत्र." मी पेला भरून घेऊन निघाले. नंतर वाटलं, काहीतरी बोलायला हवं होतं. अजून काय ते सुचलेलं नाही.

निकाल सात तारखेला आला. खोट्या सहीचा आरोप सिद्ध झाला नाही. लेखी आदेशाशिवाय पत्र पाठवलं म्हणून दिव्याला ताकीद. तिला कामावर घेतलं, पण खरेदी विभागात नाही, मालाच्या पाठवणी विभागात, गेटजवळच्या पत्र्याच्या ऑफिसात. सुजित सरांनाही समज मिळाली म्हणतात. पूर्ण न्याय झाला का, मला ठरवता येत नाही. उद्धवरावांनी पेढे आणले. या वेळी चहा घेतला, बशीत ओतून, दोन कप. म्हणाले, "शेजाऱ्याला सांगितलं, सुट्टी संपली." मग टोपी घालत म्हणाले, "ताई, पन तुमी तवाच लिवलं असतं तर?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "न्हाई, सहज इचारलं."

ते सहज विचारलेलं नव्हतं आणि मला ते डायरीत लिहून ठेवावं लागलं.

माझं म्हणाल तर, साहेब आता रोज साडेचारला सह्या करतात. पहिल्या आठवड्यात एक पत्र हातात धरून म्हणाले, "हे मी लिहिलं?" मी म्हटलं, "सर, गेली सहा वर्षं दर महिन्याला." पण जानेवारीच्या आढावा सभेला त्यांनी मला बोलावलं नाही. इतिवृत्त लिहायला मनुष्यबळ विभागाच्या एका मुलीला बसवलं. मी बाहेर टेबलापाशी बसून दारामागचे आवाज ऐकत होते आणि माझी बोटं टेबलावर चालत होती. पुढे काय होईल माहीत नाही. धम्मपाल म्हणतो, "बावीस वर्षांत पहिल्यांदा तू सभेच्या दिवशी उजेडात घरी आलीस." तो मला हसवायचा प्रयत्न करतो, आणि कधी कधी जमतं त्याला.

आता शेवटचं, ज्यासाठी हे पत्र.

तेरा तारखेला आपली नेहमीची सभा होती. दिव्या आली. दारातच थांबली, मग सरळ माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "ताई, आज वही मी लिहू?" मी वही दिली. तिनं आधी पहिलं पान उघडलं, तुमच्या अक्षरातलं. ते वाक्य आता खोडा, हा तुम्ही रुपालीला फोनवर दिलेला निरोप मी तिला सांगितला होताच. तिनं 'लिहिणाऱ्या हाताला तोंड नसतं' यावर एकच रेघ मारली, पातळ, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला आम्ही दोघींनी सही केली. तुम्ही म्हणाला होतात ना, व्हाइटनर लावू नका, काय होतं ते दिसायला हवं.

मग सभा सुरू झाली आणि मला हातांचं काय करावं कळेना. मांडीवर ठेवले, टेबलावर ठेवले, शेवटी दिव्यानं आणलेला एक पेढा घेतला. नवी आलेली एक मुलगी, कुरुळीच्या कंपनीतली, आयत्या वेळच्या विषयात उभी राहिली. तिचे साहेब तिला त्यांच्या मेलचा पासवर्ड देऊन ठेवतात. "ताई, मी त्यांच्या नावानं उत्तरं पाठवू का?" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान वर केली. तिचा चेहरा नीट पाहिला. कपाळावर मुरमं आहेत, विशीतली असेल.

दिव्यानं काय लिहिलं ते उतरवून देते. काल तिनं मला वही परत आणून दिली.

"विषय ६. आयत्या वेळचे विषय. साहेबांच्या नावाने मेल पाठवावी का, असा प्रश्न विचारण्यात आला. निशिगंधाताई म्हणाल्या, की याचे उत्तर मला आत्ता माहीत नाही. तोवर पाठवू नकोस. पुढच्या सभेपर्यंत विचारून सांगते."

मी ते तीनदा वाचलं. काही गाळलेलं नाही.

आपली,
निशिगंधा